बाणाचा वेग : एका आकड्याची दुरुस्ती

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा अहवालात छापलेला आहे आणि अहवालाची प्रत आपल्या प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवलेली आहे. तो मी येथे पुन्हा वाचून दाखवणार नाही. मला मिळालेला वेळ मी एका बाणासाठी वापरणार आहे.

त्याला कारण आहे. यंदाच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी, म्हणजे २८ फेब्रुवारीला, याच मैदानावर आणि याच ध्वनिक्षेपकावरून मी एक चुकीचा आकडा जाहीर केला. आपल्यापैकी पुष्कळजण त्या दिवशी येथे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तो आकडा एका स्थानिक वृत्तपत्रात आला आणि त्याची कात्रणे आपल्या भ्रमणध्वनींवरून नागपूर, पुणे, भिलाईपर्यंत गेली. मी वृत्तपत्राला दुरुस्तीचे पत्र पाठवले, ते आतल्या पानावर तीन ओळींत छापूनही आले. पण दुरुस्तीची कात्रणे कोणी कोणाला पाठवत नाही. म्हणून ज्या व्यासपीठावरून चूक झाली, त्याच व्यासपीठावरून ती सांगावी आणि ती कशी सापडली तेही सांगावे, असे मी ठरवले. सापडण्याची हकीकत चुकीपेक्षा मोठी आहे.

आपल्या शाळेत आज शिकणाऱ्या सर्वच मुलांची घरची भाषा मराठी नाही, हे जुन्या माजी विद्यार्थ्यांना कदाचित ठाऊक नसेल. बिंबाजी भोसले १७५८ च्या सुमारास रतनपूरला आले, तेव्हापासून या प्रदेशात मराठी माणूस आहे. त्याच्या मुलांसाठी ही शाळा निघाली. पण शाळेच्या भिंतीला लागून जी वस्ती वाढली, तिच्यातली छत्तीसगढी बोलणारी मुलेही आता आपल्याकडे येतात. पहिलीत ती मराठी अक्षरांशी झगडतात आणि चौथीत आमच्या मुलांना शुद्धलेखन सांगतात. अशाच एका घरातली, नववीत शिकणारी एक विद्यार्थिनी या हकीकतीच्या मध्यभागी आहे. तिच्या संमतीने मी हे सांगते आहे. नाव मात्र घेणार नाही, कारण तिने तसे सांगितले आहे.

तिचे आजोबा धमतरी जिल्ह्यातील नगरी-सिहावा भागात राहतात. महानदीचा उगम तो तोच परिसर. छत्तीसगढीत आजोबांना ‘बबा’ म्हणतात. मीही तोच शब्द वापरते. विज्ञान दिनासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या एखाद्या साधनामागचे विज्ञान समजावून सांगावे, असे आम्ही सुचवले होते. कोणी प्रेशर कुकर आणला, कोणी आजीचे जाते आणले. या मुलीने बबांचा तीरकमठा आणला आणि बबांनाही आणले.

तो तीरकमठा मी हातात घेऊन पाहिला. अंगचे लाकूड बांबूचे. आणि प्रत्यंचा? मी सुताची दोरी शोधत होते. ती दोरी नव्हतीच. ती बांबूच्याच सालीची, तासून गुळगुळीत केलेली, लांब कामटी होती. दोन्ही टोकांना तेवढी सुतळीची गाठ. म्हणजे धनुष्य बांबूचे, प्रत्यंचा बांबूची, बाणाची काडीही त्याच बेटातली. मागे पिसे दोऱ्याने घट्ट आवळलेली. लोखंडी टोकाच्या जागी त्या दिवसापुरते बोथट टोक बसवले होते. मी तीस वर्षे ‘प्रत्यंचा’ हा शब्द समासांत आणि श्लोकांत शिकवत आले. प्रत्यंचेला बोट लावण्याची माझी ती पहिलीच वेळ.

बबा हरेलीला या धनुष्याचीही पूजा करतात, असे मुलीने सांगितले. हरेली म्हणजे छत्तीसगढमधली श्रावणी अमावास्या. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून त्यांची श्रावणातली ती अमावास्या आपल्या पंचांगात आषाढाची, म्हणजे दिव्यांची अवस ठरते. एकाच रात्री आपण दिवे पुजतो आणि ते नांगर, कुदळ, हत्यारे पुजतात. इतकी वर्षे रायपुरात राहून हे माझ्या लक्षात आले नव्हते. असो.

आता वेगमापकाकडे वळते. आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी नागपुरात राहतात आणि हौसेने तिरंदाजी करतात. त्यांनी आपले वाहून नेता येणारे वेगमापक यंत्र त्या दिवसापुरते आणले होते. जेवणाच्या डब्यापेक्षा थोडे मोठे, कॅमेऱ्याच्या तिपाईवर बसणारे. बाणाला ते स्पर्शही करत नाही. यंत्रात एकापुढे एक असे दोन प्रकाशसंवेदक असतात, त्यांना डोळे म्हणू. वर पांढरी पारभासक छत्रे, म्हणजे आकाशाचा प्रकाश सारखा पसरून खाली यावा. बाण वरून गेला की त्याची सावली पहिल्या डोळ्यावर पडते आणि घड्याळ सुरू होते. दुसऱ्या डोळ्यावर पडते आणि घड्याळ थांबते. दोन डोळ्यांतले अंतर यंत्राला माहीत असते. अंतराला वेळेने भागले की वेग. नववीच्या ‘गती’च्या धड्यात जे आहे, त्याहून अधिक काही नाही.

पण ती वेळ किती लहान असते पाहा. डोळ्यांतले अंतर साधारण एक फूट. बबांचा बाण तेवढे अंतर सुमारे सात सहस्रांश सेकंदात ओलांडतो. आपल्या पापणीची एक उघडझाप होईपर्यंत असे दहापेक्षा अधिक बाण जातील. ‘निमिष’ हा आपला कालमापनाचा शब्द येथे फार मोठा पडतो. म्हणूनच वेगाचे मापन पूर्वी इतके अवघड होते. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने बंदुकीच्या गोळीचा वेग मोजला, तेव्हा त्याच्याजवळ असे घड्याळ नव्हते. त्याने लाकडाचा जड ठोकळा लोलकासारखा टांगला, गोळी त्यात घुसवली आणि ठोकळा किती झुलला यावरून गणित मांडले. धनुष्याच्या बाबतीत असे काटेकोर काम १९३० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने केले. बेल प्रयोगशाळेत नोकरी करणारा हा गृहस्थ तिरंदाजीचा वेडा होता.

यंत्राचेही नखरे असतात. सूर्य थेट डोळ्यांवर आला की ते गोंधळते. सभागृहात जुन्या ट्यूबलाइटखाली तर त्याहून अधिक, कारण आपल्या विजेवर ती दिसत नसली तरी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि त्यातली एखादी लुकलुक यंत्राला बाणाची सावली वाटते. म्हणून आम्ही प्रयोग मैदानावर, सकाळच्या सावलीत ठेवला. ही सर्व काळजी आमच्या पाहुण्यांनी घेतली. यंत्राने कोणतीही चूक केली नाही. चूक मी केली.

पाहुणे पंधरा मीटरवरच्या गवताच्या फळीजवळ, दोरीच्या बाहेर उभे होते. बबांनी पहिला बाण सोडला. यंत्राच्या छोट्या पडद्यावर १४२ हा आकडा उमटला. आकड्याशेजारी तीन बारीक रोमन अक्षरे होती, एफ.पी.एस. मी चष्मा डोक्यावर सरकवलेला होता. मी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाले, “सेकंदाला एकशे बेचाळीस मीटर!” कोणीतरी तत्परतेने गुणाकार करून दिला आणि मी तोही जाहीर केला : ताशी ५११ किलोमीटर. टाळ्यांचा कडकडाट झाला. बबांनी हात जोडले.

ती तीन अक्षरे ‘फूट प्रति सेकंद’ असे सांगत होती. तिरंदाजीच्या जगात वेग आजही बहुधा फुटांतच सांगतात. १४२ फूट म्हणजे ४३ मीटर आणि काही सेंटिमीटर. मी बाणाचा वेग तिपटीहून अधिक वाढवून सांगितला होता.

माझा आकडा किती अशक्य होता, हे समजण्यासाठी थोडी तुलना करावी लागेल. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथे जागतिक तिरंदाजी स्पर्धेत नागपूरचे ओजस देवतळे आणि साताऱ्याची आदिती स्वामी हे दोघे एकाच दिवशी कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारात जगज्जेते झाले. आदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. ओजस यांनी अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात बुलढाण्याचे प्रथमेश जावकर यांनी सुवर्णपदक घेतले होते. ही मुले आपल्या मातीतली आहेत, याचा अभिमान येथे कोणाला नाही? कंपाउंड धनुष्याला दोन्ही टोकांना चाके असतात. विल्बर अॅलन या अमेरिकन माणसाला १९६९ मध्ये त्याचे एकस्व मिळाले. चाकांमुळे पूर्ण ताणलेल्या अवस्थेत हातावरचा भार एकदम कमी होतो आणि तरीही बाणाला जबरदस्त शक्ती मिळते. अशा आधुनिक धनुष्यातून सुटणाऱ्या बाणाचा वेग सेकंदाला सुमारे ९० मीटर असतो. ऑलिंपिकमध्ये वापरतात त्या, टोके पुढे वळलेल्या रिकर्व्ह धनुष्याचा ढोबळमानाने ५५ ते ६५ मीटर. आपल्या फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियोला गेले ते याच प्रकारात. आणि मी नगरी-सिहावाच्या बांबूच्या कमठ्याला १४२ मीटर देऊन टाकले होते! जगज्जेत्यांच्या धनुष्यांच्याही दीडपट.

आता त्या मुलीकडे येते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ती माझ्या कार्यालयाच्या दाराशी आली आणि बराच वेळ दारातच उभी राहिली. मी दोनदा “आत ये” म्हटले. हातात वही होती. ती म्हणाली, “बाई, कालचा आकडा बहुतेक बरोबर नाही.” मी विचारले, “यंत्र खोटे बोलते का?” तिने सांगितले ते मी तिच्याच क्रमाने सांगते. बबा पंधरा मीटरवरच्या फळीवर नेम धरताना बाण निशाणाच्या हातभर वर रोखतात. तिने हे लहानपणापासून पाहिले आहे. बाण हवेत असताना पृथ्वी त्याला खाली ओढते, म्हणून वर धरावा लागतो, हे तिला नववीच्या पुस्तकातून कळले. तिने गणित केले. सेकंदाला १४२ मीटर वेगाने बाण पंधरा मीटर जायला जेमतेम एक दशांश सेकंद घेईल आणि तेवढ्या वेळात पाच-साडेपाच सेंटिमीटरच खाली येईल. “मग बबांना चार बोटे वर धरून पुरले असते, बाई. ते हातभर का धरतात?”

मला उत्तर आले नाही. मी मराठी-संस्कृतची एम.ए.; भौतिकशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकला संपला. मी भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना बोलावले. त्यांनी वही पाहिली, आणि पालकहो, ते खाली मान घालून म्हणाले, “बाई, मला काल ऐकतानाच कळले होते. पण भर सभेत तुम्हाला कसे सांगायचे?” नागपूरच्या पाहुण्यांना मी फोन केला. त्यांना गवताच्या फळीजवळून केवळ टाळ्या ऐकू आल्या होत्या. त्यांनी त्या दिवशीच्या पाच बाणांची नोंद लगेच पाठवली : १४२, १३८, १४४, १४०, १४१. सरासरी १४१ फूट, म्हणजे सेकंदाला ४३ मीटर. ताशी १५५ किलोमीटरच्या आसपास.

येथे प्रकरण मिटले असते. पण त्या मुलीचे समाधान झाले नाही. यंत्र नागपूरला परत गेले होते आणि तिला स्वतः मोजायचे होते. आमच्या शिक्षकांनाही आदल्या दिवशीचे मौन टोचत असावे; त्यांनी मनावर घेतले. आधी त्यांनी बाण किती खाली येतो हेच मोजून पाहिले. ते जमले नाही. बाण अगदी आडवा सुटायला हवा. एका अंशाची तिरीप आली तरी पंधरा मीटरवर सव्वीस सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि माणसाच्या हाताला एक अंश कळत नाही. मग त्यांनी आवाजाची युक्ती काढली.

ती मला फार आवडली, म्हणून सविस्तर सांगते. धनुष्य सुटताना टणत्कार होतो, बाण फळीत घुसताना धप्प असा आवाज येतो. दोन आवाजांमधला काळ म्हणजे बाणाच्या प्रवासाचा काळ. प्रत्येकाच्या खिशातला भ्रमणध्वनी हे आवाज टिपतो आणि संगणकावर त्या ध्वनिमुद्रणाची रेघ पाहिली की दोन उंचवटे स्पष्ट दिसतात. त्यांतले अंतर सहस्रांश सेकंदापर्यंत वाचता येते. प्रश्न एवढाच की आवाजालाही चालायला वेळ लागतो, सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर. भ्रमणध्वनी धनुष्याजवळ ठेवला, तर धप्प हा आवाज पंधरा मीटर उलटा चालत येईल आणि तेवढा उशीर बाणाच्या नावावर जमा होईल. मुलीने सुचवले की तो मधोमध ठेवावा. मग दोन्ही आवाजांना सारखेच चालावे लागते, दोन्हींचा उशीर सारखाच आणि वजाबाकीत तो उडून जातो. ही कल्पना शिक्षकांची नव्हे, तिची. त्यांनीच मला तसे आवर्जून सांगितले.

बबा पुन्हा आले. रस्त्यावरचे हॉर्न सुरू होण्याआधी, सकाळी सहा वाजता, आम्ही दहा बाण सोडवून घेतले. सरासरी काळ आला ०.३४ सेकंद. पंधराला ०.३४ ने भागले, तर सेकंदाला ४४ मीटर.

शिक्षक खूश झाले. ४३ आणि ४४, जवळजवळ तेच! मीही खूश. पण मुलीच्या चेहऱ्यावर पुन्हा ते दारातले भाव. ती म्हणाली, “यंत्राने धनुष्याजवळच मोजले होते, तिथे ४३. आपण सगळ्या वाटेची सरासरी काढली, ती ४४. म्हणजे बाण सुटल्यावर वाटेत त्याचा वेग वाढला का?” हवेत तर वेग घटायला हवा. फरक एका मीटरचा, पण उलट्या दिशेचा. मी हिशेब तपासणाऱ्या माणसांना घाबरते ते यासाठीच.

दोन दिवस ते दोघे चूक शोधत होते. सापडली ती मोजपट्टीत. आम्ही पंधरा मीटर मोजले होते धनुष्यापासून फळीपर्यंत. पण फळीला लागते ते बाणाचे टोक; आणि प्रत्यंचा बाणाला सोडते त्या क्षणी ते टोक धनुष्याच्या सुमारे साठ सेंटिमीटर पुढे असते. म्हणजे टोकाने हवेत कापलेले अंतर पंधरा नव्हे, १४.४ मीटर. त्याला ०.३४ ने भागले, तर ४२.४ मीटर. यंत्राच्या ४३ पेक्षा किंचित कमी, जसे असायला हवे तसे. आणि ०.३४ सेकंदात बाण खाली येतो सत्तावन्न सेंटिमीटर : बबांचा हातभर, आणि वर चार-पाच बोटे.

काही पालकांना वाटेल, ताशी दीडशे किलोमीटर म्हणजे फारच कमी. तसे नाही. रानातला बाण मुद्दाम जड करतात. हलक्या बाणाला तेच धनुष्य अधिक वेग देते, हे खरे. पण जड बाण धनुष्यात साठलेल्या शक्तीचा अधिक मोठा वाटा आपल्याबरोबर घेऊन जातो आणि लागल्यावर खोल जातो. याच कारणाने रिकामे धनुष्य ताणून कधी सोडू नये. शक्ती न्यायला बाण नसेल, तर ती धनुष्यालाच तडकवते. बबांनी ही गोष्ट मुलांना हातातली काठी वर करून बजावली होती. समीकरण आम्ही नंतर मांडले.

या प्रदेशात धनुष्य ही केवळ संग्रहालयातली वस्तू नाही. जशपूरकडचे पहाडी कोरवा, गरियाबंदचे कमार, बस्तरचे गोंड-माडिया यांच्या घरी ते अजून खुंटीला टांगलेले दिसते. बस्तरचे महाराज प्रवीरचंद्र भंजदेव यांच्या नावाने छत्तीसगढ शासन तिरंदाजीसाठी राज्य सन्मान देते. बिलासपूर जिल्ह्यातील, अचानकमारच्या जंगलाजवळचे शिवतराई हे गाव तिरंदाजांचे गाव म्हणून ओळखले जाते. रायपूरच्या मराठी माणसाने या सर्वांकडे पाहिले, पण बरेचसे दुरूनच. मी माझ्यापुरते बोलते.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे एकलव्याकडे, वळल्याशिवाय मला राहवत नाही. नोकरीला लागल्यापासून मी एकलव्याची कथा शिकवत आले. ‘एकलव्याचे गुण लिहा’ या प्रश्नाला ‘गुरुभक्ती’ असे उत्तर लिहिणाऱ्याला मी दोन गुण देत आले. या प्रसंगानंतर मी आदिपर्वातला तो भाग पुन्हा काढून वाचला. अंगठा दिल्यावर पुढे काय झाले, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नसते; महाभारतात आहे. निषादपुत्र त्यानंतर नुसत्या बोटांनी बाण ओढू लागला, पण पूर्वीसारखा शीघ्र राहिला नाही, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे वेगाची नोंद तेथेही आहे; यंत्राशिवाय, कोणीतरी पाहून केलेली. आणि अंगठा मागितल्यावर एकलव्याने द्रोणांना एकही प्रश्न विचारलेला नाही. हा त्याचा गुण म्हणून मी तीस वर्षे शिकवला. मग माझ्या शाळेतले भौतिकशास्त्राचे शिक्षक भर सभेत गप्प राहिले, तर त्यांना मी काय म्हणावे? आणि ती मुलगी दारात का घुटमळली, हेही मला कोणाला विचारावे लागले नाही. त्या प्रश्नाला आता मी गुण कशाला देईन, हे अजून माझे ठरलेले नाही. यंदाच्या आठवीला मी तो प्रश्न दिला नाही, एवढे खरे.

तिला मात्र माझ्याहून मोठी भीती दुसरीच होती. वृत्तपत्राचे कात्रण बबांच्या गावी पोहोचले होते. ताशी पाचशे अकरा किलोमीटर! गावात चार ठिकाणी ते वाचून दाखवले गेले होते. आता नातीनेच जाऊन सांगायचे की खरा आकडा एक तृतीयांशाहूनही कमी आहे? मी म्हटले, चूक माझी आहे, मी सांगते. दहा बाण सोडून झाल्यावर, त्या सकाळी, मी बबांना खुर्चीवर बसवले आणि हिंदीत सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग माझ्याकडे नव्हे, नातीकडे वळून ते म्हणाले, “जतका हे, ओतके लिख, नोनी.” जेवढा आहे, तेवढाच लिही, पोरी. नंतर त्यांनी बाण गोळा केले आणि प्रत्येकाची पिसे तपासून पाहिली. एका बाणाचे पीस सैल झाले होते. त्याबद्दल मात्र ते बराच वेळ कुरकुरत होते.

तेव्हा, उपस्थित सर्वांना साक्ष ठेवून, मी २८ फेब्रुवारीचा आकडा मागे घेते. त्या बांबूच्या धनुष्यातून सुटलेल्या बाणाचा वेग सेकंदाला ४३ मीटर आहे. शाळेच्या नोंदवहीत मी जुना आकडा खोडलेला नाही; त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहिला आहे आणि सही केली आहे, म्हणजे दोन्ही वाचता येतील. प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा तक्ता त्या मुलीने लिहिला आहे. त्यावर आमच्या शिक्षकांनी ‘४३ मीटर’ एवढेच लिहायला सांगितले होते. तिने खाली पेन्सिलीने ‘पाच बाणांची सरासरी’ असे जोडले आहे. ते मी शाईने करून घेणार आहे.

एक विनंती करून थांबते. उद्या सकाळी सहा वाजता, हॉर्न सुरू होण्यापूर्वी, याच मैदानावर हे मापन पुन्हा होईल. नागपूरचे आपले माजी विद्यार्थी यंत्र घेऊन आले आहेत. भ्रमणध्वनीही मधोमध ठेवला जाईल, म्हणजे एकाच बाणाचे दोन आकडे शेजारी शेजारी पाहता येतील. बबा येणार आहेत. आकडे ती मुलगी वाचून दाखवील. ध्वनिक्षेपक तिच्याकडे असेल आणि चष्मा माझ्या डोळ्यांवर. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांनी कृपा करून त्यांना पिवळ्या दोरीच्या मागेच उभे करावे. बाण बोथट असले, तरी ताशी दीडशेहून अधिक किलोमीटरने जातात.